चोरबीटीला परवानगी की बंदी? त्याआधी निंदणाचं बोलू

काळं_वावर (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

मृग जवळ आला की आमच्याकडं दरवर्षी तेच सुरू होतं. अंधार पडल्यावर मोटारसायकलवर माणूस येतो, चुंगडीतून पाकिटं काढतो, पैसे मोजतो आणि निघून जातो. बिल नाही, लॉट नंबर नाही, छापलेलं नाव कोणाच्या ओळखीचं नाही. दोन दिवसांनी पेपरात बातमी येते, एवढ्या लाखांचं बोगस बियाणं पकडलं. कागदावर त्याचं नाव एचटीबीटी, म्हणजे तणनाशक झेलणारी बीटी कपाशी, गावात चोरबीटी. वरून ग्लायफोसेट हे तणनाशक मारलं की गवत जळतं आणि पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, उभी राहते.

टीव्हीवर या विषयाची चर्चा लागली की एक बाजू शेतकऱ्याच्या तंत्रज्ञान स्वातंत्र्याचं बोलते, दुसरी पर्यावरणाचं आणि आरोग्याचं. दोन्हीकडची माणसं मनापासून बोलत असतील. पण निंदणाचा शब्द कोणाच्या तोंडून येत नाही. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या कोणत्याही कास्तकाराला विचारा, चोरबीटी काहून लावली. तो अळीचं नाव घेणार नाही. तो म्हणेल, निंदाले बाया भेटत नाहीत.

माझं सात एकर कोरडवाहू. मागच्या खरिपात चार एकरात कृषी केंद्रातून बिलासह आणलेली सरकी टोबली, तीन एकरात चोरबीटी. जुलैत झड लागली ती थांबेच ना. डवरा काढावा तर बैलाचे पाय ढोपरापर्यंत फसत होते. झड उघडली तेव्हा चार एकरात पऱ्हाटी शोधावी लागत होती, इतकं गवत. एकरी बारा बाया, तीनशे रुपये रोजी, म्हणजे एका निंदणाचे ३६०० रुपये, ऑटोचं भाडं वेगळं. अशी तीन निंदणं झाली. शेजारच्या तीन एकरात औषध आणि पंपवाल्याची मजुरी धरून एकरी हजाराच्या आत काम उरकलं. हा हिशेब डोळ्यासमोर असताना मला कोणी पर्यावरणाचं सांगायला आलं तर मी काय ऐकणार?

पण पुढचंही सांगतो. फवारणीनंतर आठव्या दिवशी त्या तीन एकरात फिरलो तर दर तिसऱ्या-चौथ्या झाडाचा शेंडा पिवळा पडलेला. दोन-तीन दिवसांत ती झाडं खालपर्यंत वाळली. पाकिटात भेसळ होती, काही सरकी तणनाशक झेलणारी, काही साधी. कुठं जाऊ? बिलाचं बियाणं उगवलं नाही तर तालुक्याची तक्रार समिती पंचनाम्याला येते. इथं तक्रार केली तर आरोपी मीच, कारण १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली हे बियाणं विकणंही गुन्हा आणि लावणंही.

आणि तूर. आठ ओळी कपाशी, एक ओळ तूर, ही आमच्याकडची जुनी रीत. ग्लायफोसेट मारायचं म्हटलं की तूर जळते, म्हणून त्या तीन एकरात तूर घातलीच नाही. चार एकरातली तूर विकून बँकेचा हप्ता भरला. उन्हाळ्यात आईनं डाळीचा डबा उपडा करून दाखवला. किराणा दुकानातून डाळ आणायची वेळ माझ्या आठवणीत आमच्या घरी पहिल्यांदा आली.

माझं मागणं एकच. या बियाण्याच्या चाचण्या उघड्यावर करा, अकोल्याच्या कृषी विद्यापीठात करा, नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत करा, निकाल मराठीत छापा आणि हो की नाही ते स्पष्ट सांगा. तो निर्णय करताना निंदणाचा हिशेबही त्याच कागदावर मांडा. तुमचं काय म्हणणं आहे?

---

वऱ्हाडी_पुणेकर

धागा फार चांगला. माझे वडील अकोट तालुक्यात शेती करतात, मी नोकरीमुळं बाहेर. मी परवानगीच्या बाजूचा आहे.

थोडा मागचा इतिहास आठवावा. २००१ साली गुजरातेत बिनपरवान्याची बीटी कपाशी शेतात उभी सापडली. बोंडअळीनं बाकीचं पीक खाल्लं आणि तेवढीच वावरं हिरवी राहिली. सरकार ती उपटायला निघालं तेव्हा शरद जोशी आणि शेतकरी संघटना शेतकऱ्यांच्या मागं उभे राहिले. मार्च २००२ मध्ये केंद्रानं बीटी कापसाला परवानगी दिली. तंत्रज्ञान आधी शेतात आलं आणि कायदा मागून आला.

जून २०१९ मध्ये आमच्याच तालुक्यातल्या अकोली जहांगीर गावात शेतकरी संघटनेनं जाहीर आंदोलन करून एचटीबीटी लावली. लपूनछपून काहीच नव्हतं, पोलिसांना आणि पत्रकारांना आधी सांगितलं होतं. गुन्हे दाखल झाले. त्या माणसांनी गुन्हा अंगावर घेऊन सरकारला एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. माझा खरा राग याच गोष्टीचा आहे. बीटी वांग्याचंही तसंच. ऑक्टोबर २००९ मध्ये तज्ज्ञ समितीनं हो म्हटलं, फेब्रुवारी २०१० मध्ये मंत्र्यांनी स्थगिती दिली. त्या वेळी बांधावर भेटलेलं पोरगं आज बाप झालं, स्थगिती तिथंच आहे. बांगलादेशातले शेतकरी २०१४ पासून तेच वांगं लावतात.

बाहेरून येणाऱ्या मालाला मात्र अशी अडवणूक नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये १२ लाख टन जनुकबदल सोयापेंडीच्या आयातीला परवानगी मिळाली. सोयाबीन तेव्हा दहा हजारांच्या आसपास गेलं होतं, त्यानंतर भाव कसा खाली आला ते वाशीम-अमरावतीकडच्या लोकांना विचारा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं, ते थेट डिसेंबरअखेरपर्यंत. अमेरिका आणि ब्राझीलमधून येणारी ती रुई बहुतेक तणनाशक सहन करणाऱ्या वाणांचीच असते. त्यांचा कापूस आपल्या गिरणीत चालतो आणि तेच बियाणं माझ्या बापाच्या वावरात गुन्हा ठरतं. हा न्याय मला पटत नाही.

---

सरकी_आणि_सूक्ष्मदर्शक

मी कृषी पदवीधर, कापूस पैदाशीत काही वर्षं काम केलं आहे. भावनेला धक्का न लावता काही गोष्टी सांगतो, कारण या धाग्यावर दोन जनुकांची सरमिसळ होऊ शकते.

बीटीचं जनुक अळीसाठी असतं. बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाच्या जिवाणूतून ते घेतलं. २००२ साली एक जनुक असलेलं बोलगार्ड आलं, २००६ मध्ये दोन जनुकांचं बोलगार्ड-२. तणनाशक सहन करण्याचं जनुक वेगळं, तेही मातीतल्या एका जिवाणूचं. ग्लायफोसेट वनस्पतीतलं एक विकर (एन्झाइम) बंद पाडतं आणि झाड उपाशी मरतं. हे जनुक असलेल्या झाडात त्या विकराचा दुसरा प्रकार तयार होतो, तो ग्लायफोसेटला दाद देत नाही. म्हणजे चोरबीटी लावल्यानं गुलाबी बोंडअळी एका दाण्यानंही कमी होत नाही. डोमकळी दोन्हीकडं सारखीच दिसणार.

डोमकळी न पाहिलेल्यांसाठी: अळी फुलाच्या पाकळ्या आतून रेशमानं शिवून टाकते. फूल उमलत नाही, गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहतं. हातानं उलगडलं की आत परागकण खात बसलेली ती बारीक अळी दिसते. २०१७ च्या हंगामात यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडं वावरच्या वावरं अशी होती आणि पुढं बोंडातून कवडी, म्हणजे खराब कापूस, निघाली.

ती अळी बीटीला का सरावली, त्यातून आजच्या वादाला धडा आहे. गुलाबी बोंडअळी जवळपास फक्त कपाशीवरच जगते. म्हणून बीटीभोवती साध्या कपाशीच्या पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्र ठेवायचा नियम होता, त्यासाठी पाकिटाबरोबर १२० ग्रॅम साधी सरकी यायची. ती बहुतेकांनी धुऱ्यावर (बांधावर) फेकली किंवा बैलाला चारली. दुसरं कारण, आपल्याकडं बीटी आणलं ते संकरित वाणांतून. अमेरिका, चीन, ऑस्ट्रेलियात ते सरळ, म्हणजे संकर नसलेल्या, वाणांतून आहे. संकरित झाडात जनुक एकाच पालकाकडून आलेलं असतं, त्यामुळं त्याच्या बोंडातल्या सगळ्या सरक्यांत ते सारखं उतरत नाही. एक जनुक असेल तर साधारण चारातली एक सरकी कोरी निघते. ही अळी खाते ती सरकीच. कोरी सरकी, थोडं विष, पूर्ण विष असं सगळं एकाच बोंडात मिळाल्यावर तिला सराव व्हायला किती वेळ लागणार? वर फरदड. पाणी असलेला माणूस मार्चपर्यंत पऱ्हाटी ठेवतो आणि अळीचा उन्हाळा निघून जातो.

अमेरिकेत बीटी कापूस आणि प्रयोगशाळेत वांझ केलेले पतंग मिळून वापरले आणि २०१८ मध्ये त्यांनी गुलाबी बोंडअळी देशातून संपल्याचं जाहीर केलं. जनुक तेच, वापरायची शिस्त वेगळी.

तणनाशकाच्या बाबतीत त्याच अमेरिकेचा अनुभव उलटा आहे. तिथल्या जॉर्जिया राज्यात वीस वर्षांपूर्वी कपाशीतल्या माठ या तणाचा एक प्रकार ग्लायफोसेटनं मरेनासा झाला. आपल्या राजगिऱ्याच्याच कुळातला तो. आज तो कित्येक राज्यांत पसरला आहे. आपल्याकडचा केना आधीपासूनच या औषधाला फारसा जुमानत नाही. दरवर्षी एकच औषध मारत राहिलात तर पाच-सात वर्षांत वावरात केना तेवढा उरेल आणि निंदायला पुन्हा बायाच लागतील.

परवानगी द्यावी की नाही यावर मी आज मत देत नाही. अटींशिवाय देऊ नये, एवढं नक्की.

---

वऱ्हाडी_पुणेकर

@सरकी_आणि_सूक्ष्मदर्शक, केन्याचं मान्य. पण बंदी असतानाही औषध मारलंच जातं आहे. अटी घालायच्या तर माल कायदेशीर हवा. चोराच्या मालाला कसल्या अटी?

---

इळा_खुरपं

मी दारव्ह्याकडची. मी बोलून राहिली, पोरगा टाइप करून देऊन राहिला.

काळं वावरवाले भाऊ, तुमी निंदनाचा खर्च मांडला. बराबर हाय. पन जो तुमचा खर्च थे आमची कमाई हाय. आखाडापासून पोळ्यापर्यंत आमाले निंदनाचे चाळीस-पन्नास रोज भेटत. मांगच्या दोन साली त्याच्या अर्धे बी नाई भेटले. दिवाळीत वेचनी येते, थे किलोच्या भावानं. मंदातले दोन महिने चूल कायच्यावर पेटवाची? पोरीच्या कॉलेजची फी मी निंदनाच्या पैशातूनच भरत होती.

बाया भेटत नाई म्हनता. मले सांगा, तीनशे रुपये रोजी मांगच्या साली झाली, त्याच्या आंधी किती साल दोनशेवर ठेवली? गड्याले चारशे अन बाईले दोनशे. गावात बाया हायेत, भाऊ. काही शिलाईवर बसल्या, काही एमआयडीसीत गेल्या, काईच्या पोरी म्हनतात आई आता तू वावरात नको जाऊ. निंदन सोपं नाई. दिवसभर चिखलात उकिडवं बसून कंबर राहत नाई, बोटाच्या सांदी सडतात. हे काम कमी झालं तं मले आनंदच हाय. पन त्याच्या जागी का देता थे कोनी सांगत नाई.

अन आनखी एक. निंदता निंदता आमी वट्यात तरोटा, घोळ, चिवळ, केना खुडून आनत होतो. संध्याकाळची भाजी फुकट. आता वावरात गवताले हात लावाचा भेव वाटते, कवा फवारलं कोनाले ठाव. मांगच्या साली एका धुऱ्यावरची चिवळ आनली, तिचा वासच वेगळा आला. टाकून देल्ली.

तुमी चाचन्या करा, कायदा करा. त्या बैठकीत निंदनाऱ्या बाईले बी बलवा.

---

बिलासह_विक्री

माझं कृषी केंद्र आहे, गाव सांगत नाही. चोरबीटीला मी हात लावत नाही, परवाना जाईल. बोलगार्ड-२ चं ४७५ ग्रॅमचं पाकीट सरकारनं २०२५ साठी ९०१ रुपयांना ठरवलं. चोरीचं त्याच्या दीडपट भावात जातं आणि लोक घेतात. यावरून निंदणाची अडचण किती खरी आहे ते कळतं. माझ्याकडं येणारा कास्तकार लबाड नाही, अडलेला आहे.

मला सांगायचंय ते औषधाबद्दल. ग्लायफोसेट आपल्या देशात चहामळ्यासाठी आणि पीक नसलेल्या जागेसाठी नोंदलेलं आहे, कपाशीसाठी कधीच नव्हतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्रानं आदेश काढला की ते फक्त कीड नियंत्रण करणाऱ्या परवानाधारकांनीच वापरायचं. असा परवानाधारक खेड्यात कुठं शोधायचा? म्हणून ते बांधावर मारायचं सांगून नेलं जातं आणि फवारणारा असतो चारशे रुपये रोजीचा पोरगा. पायात चप्पल, नाकाला दुपट्टा. ते घातक आहे का यावर जगात एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१५ मध्ये त्याला बहुधा कर्करोगकारक म्हटलं. अमेरिकेची पर्यावरण संस्था तसं मानत नाही आणि युरोपनं २०२३ मध्ये त्याचा परवाना आणखी दहा वर्षांसाठी वाढवला. पण त्या देशांत फवारणारा माणूस ट्रॅक्टरच्या बंद केबिनमध्ये बसलेला असतो.

२०१७ आठवा. यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी आणि शेतमजूर गेले. ती कीटकनाशकं होती, ग्लायफोसेट नव्हतं, दोन्ही एकत्र करू नका. त्या साली पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, लोक हात वर करून फवारत होते आणि सगळं अंगावर येत होतं. त्या काळात माझ्याच गिऱ्हाइकातला एक जण दवाखान्यात पडला होता. तो मला म्हणाला, भाऊ, तुम्ही बाटलीवरचं वाचून दाखवलं असतं तर. मी वाचून दाखवलं नव्हतं. दुकानात गर्दी होती. तेव्हापासून मी प्रत्येक बाटली देताना वाचून दाखवतो, कितीही गर्दी असो.

चोरबीटीला परवानगी देणार असाल तर फवारणाऱ्याच्या अंगावरचे कपडे, मास्क, त्याची तपासणी हे आधी लिहा.

---

काळं_वावर (धागाकर्ता)

सगळ्यांचं वाचलं. ताई, तुमचं दोनदा वाचलं, नंतर घरी मोठ्यानं वाचून दाखवलं. बायको म्हणाली, खरंच तर आहे. ३६०० रुपये मी खर्चाच्या रकान्यात लिहिले, ते बारा घरांच्या जमेच्या रकान्यात पडतात हे मी मांडलं नव्हतं. माझी चूक.

पण माझी बाजूही समजून घ्या. कापसाचा हमीभाव २०२५-२६ ला लांब धाग्यासाठी ८११० रुपये. तो मिळायला सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस खरेदीच्या, केंद्रावर नंबर लागावा लागतो, ओलावा मोजला जातो, आणि तोवर अर्धा कापूस खेडा खरेदीत, गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला, कमी भावानं गेलेला असतो. कोरडवाहूला एकरी पाच-सहा क्विंटल झालं तर मी चांगलं साल म्हणतो. त्यातून रोजी चारशे करायची माझी इच्छा असून पोच नाही. कास्तकार आणि मजूर एकमेकांसमोर उभे राहिले, आणि ज्यांनी भाव ठरवला ते या चर्चेत कुठंच नाहीत.

म्हणून पेरणी ते कापणीची कामं रोजगार हमीतून करा अशी जी मागणी होत असते, तिला माझा पाठिंबा आहे. थोडी मजुरी सरकारनं द्यावी, थोडी मी देतो. रोजगार हमी याच महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात उभी राहिली, तिच्यातून पाझर तलाव झाले, रस्ते झाले. वावरातलं निंदण काम नाही असं कोणी ठरवलं?

---

सरकी_आणि_सूक्ष्मदर्शक

रोजगार हमीच्या मुद्द्याशी सहमत, आणि तंत्राच्या बाजूनं एक भर घालतो. तण सगळा हंगाम नडत नाही. पेरणीपासून साधारण साठ दिवस वावर स्वच्छ राहिलं तर पुढं पऱ्हाटीच सावली धरते आणि गवत दबतं. केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे सूरज, रजत असे सरळ वाण बीटी जनुकासह आलेले आहेत. त्यांची सरकी घरी ठेवता येते. दाट लावली तर झाडं लवकर जवळ येतात, पीक लवकर निघतं, फरदडीचा मोह राहत नाही आणि बोंडअळीचाही शेवटचा घास चुकतो. बाजारात ते सहज मिळत नाहीत, कारण दरवर्षी पाकीट विकलं जाणार नसेल तर कंपनीला त्यात रस नाही. या सरकीसाठी आंदोलन झालेलं मी पाहिलेलं नाही. व्हायला हवं.

---

वऱ्हाडी_पुणेकर

दाट लागवडीत आंतरपिकाची तूर बसते का?

---

सरकी_आणि_सूक्ष्मदर्शक

ओळींत नाही बसत. पट्टा पद्धतीनं बसते, कपाशीचा दाट पट्टा आणि बाजूला तुरीचा. डवरा चालायला जागा ठेवावी लागते.

---

इळा_खुरपं

भाऊ, तुमची चूक नाई. मी बी माह्या एक एकरात मांगच्या साली पोराच्या सांगन्यावरून धुऱ्याले तेच औषध मारलं होतं. धुऱ्यावरची चिवळ कायनं गेली थे आता समजलं.

रोजगार हमीचं ग्रामसभेत काढा. आमी बाया येऊ. पन सकाळची सभा ठेवू नका, सकाळी आमी वावरात असतो.

---

काळं_वावर (धागाकर्ता)

सरपंचांशी बोललो. पुढची ग्रामसभा संध्याकाळी सातला घ्यायचं ठरतंय, नक्की झालं की तारीख इथं टाकतो.

यंदा चोरबीटी लावत नाही. तीन एकराचे दोन भाग करतो. दीड एकरात सरळ वाण दाट, शेजारी तुरीचा पट्टा, आणि दुसऱ्या दीड एकरात नेहमीची आठ ओळी-एक ओळ. दोन्हीकडं पहिले साठ दिवस डवरे आणि निंदण, रोजी साडेतीनशे. सरकी मिळाली तर, कारण कृषी केंद्रात विचारलं तर पोऱ्यानं नावच पहिल्यांदा ऐकलं म्हणून सांगितलं. @सरकी_आणि_सूक्ष्मदर्शक, नागपूरला कुठल्या खिडकीवर विचारायचं तेवढं कळवा. येत्या सोमवारी जाऊन येतो.